यंत्राआधी जागा: रंगमंच अभियांत्रिकी सल्लागाराच्या पेशाचा आढावा

नाट्यगृहाच्या कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव असते, महापौरांचे असते, बहुधा वास्तुविशारदाचेही असते. रंगमंचाच्या वर टनावारी वजन कशाच्या आधाराने लटकवायचे, ते किती वेगाने खाली आणायचे आणि मध्येच वीज गेली तर ते कुठे थांबले पाहिजे, हे ज्याने ठरवले त्याचे नाव मात्र तिथे सहसा नसते. रंगमंच अभियांत्रिकी सल्लागार हा पेशा युरोप-अमेरिकेत रुळलेला आहे. आपल्याकडे नाटकाच्या धंद्यातल्या माणसांनाही तो नीटसा माहीत नाही. नेपथ्यकार एका नाटकाचा विचार करतो. हा सल्लागार पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्या वास्तूत येणाऱ्या, अजून लिहिल्याही न गेलेल्या नाटकांचा विचार करतो. पडदे आणि बार उचलणारी यंत्रणा, वर-खाली होणारे पाट, फिरता रंगमंच, वाद्यवृंदाच्या खड्ड्याचा उचलता तळ, आगीचा पडदा, प्रकाशाचे पूल, सामान चढवायचा धक्का हे सगळे त्याच्या अखत्यारीत येते. या पेशाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. यंत्रे निवडणे हे सल्लागाराचे दुय्यम काम आहे. यंत्रांना आणि त्यांच्याखाली वावरणाऱ्या माणसांना लागणारी जागा आराखड्यात राखून ठेवणे हे पहिले. यंत्र वीस वर्षांनी बदलता येते. काँक्रीटमध्ये चुकलेली जागा बदलता येत नाही.

या पेशाची मुळे आगीत आहेत. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये प्रयोगाच्या तोंडावर रंगमंचावर आग लागली. गॅसचे दिवे गेले, अंधार झाला, आग अडवण्यासाठी असलेला लोखंडी पडदा खाली आलाच नाही आणि आतल्या बाजूला उघडणाऱ्या दारांशी माणसे चेंगरली. अधिकृत आकड्यानुसार ३८४ जण गेले. १८८७ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या थिएटर रॉयलमध्ये १८६ जण दगावले. ते नाट्यगृह आदल्याच वर्षी बांधलेले होते. व्हिएन्नाच्या दुर्घटनेनंतर तिथल्या अभियंत्यांनी ‘अस्फालिया’ नावाची रचना पुढे आणली. लाकडी सांगाड्याऐवजी लोखंड, माणसांच्या बळाऐवजी पाण्याच्या दाबावर चालणारे दट्टे आणि तुकड्यातुकड्यांनी उचलता येणारा पाट, असे तिचे स्वरूप होते. १८८४ मध्ये उघडलेल्या बुडापेस्टच्या ऑपेरागृहात ती बसवली गेली. म्हणजे रंगमंचावरचे यंत्र चमत्कार दाखवण्यासाठी जितके आले, तितकेच जीव वाचवण्यासाठीही आले. लंडनमध्ये एडविन सॅक्स या वास्तुविशारदाने हे दोन धागे एकत्र आणले. युरोपातल्या नाट्यगृहांचा नकाशांसह मोठा ग्रंथ त्याने १८९६ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केला, आगीपासून बचावासाठी ब्रिटिश समिती उभी केली आणि ड्रुरी लेन व कॉव्हेंट गार्डन या नाट्यगृहांच्या रंगमंचांची यंत्रणा नव्याने आखून दिली. आज ज्याला आपण सल्लागार म्हणू, त्याचा पहिला स्पष्ट नमुना मला सॅक्समध्ये दिसतो. अभ्यास, सुरक्षा आणि आखणी या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे होत्या.

पण साधने असणे आणि त्यांची जबाबदारी कोणावर तरी असणे यांतला फरक शिकागोने दाखवून दिला. ३० डिसेंबर १९०३ रोजी तिथल्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली आणि ६०२ माणसे मेली. नाट्यगृह उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि ते पूर्णपणे अग्निरोधक असल्याची जाहिरात केलेली होती. आगीचा पडदा होता, पण तो उतरताना मध्येच अडकला. रंगमंचावरच्या छतात धूर बाहेर जायची झडपे होती, पण ती बंदच राहिली. पडद्याच्या वाटेत दुसरी कोणतीही वस्तू येणार नाही आणि झडपे उघडतात हे तपासून पाहिल्याशिवाय परवानगी देणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस त्या इमारतीला नव्हता. हा नकाराधिकार काढून घेतला तर या पेशात खरेदीची यादी करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या अभियंत्याला हे काम का देता येत नाही, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. उत्तर सरळ आहे. कारखान्यात उचललेल्या वजनाखाली कोणी उभे राहू नये, हा पहिला नियम असतो. रंगमंचावर वजनाखाली माणसे उभी असतात, अंधारात असतात, बोलत-गात-नाचत असतात आणि वर पाहू शकत नाहीत. कधी कधी तर उचललेले ‘वजन’ म्हणजे नटच असतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या यंत्रविषयक निर्देशाने कलाप्रयोगात कलाकारांना हलवणारी यंत्रे आपल्या कक्षेतून वगळली होती, कारण सामान्य यंत्रांचे नियम तिथे लागूच पडत नव्हते. रंगमंचाच्या यंत्रणेसाठी स्वतंत्र युरोपीय मानक २०२० मध्ये आले. जर्मन नियमांत माणसांच्या डोक्यावर टांगायच्या साखळी-दोरांवर, उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेच्या निम्माच भार टाकायचा दंडक आहे. हे सगळे बारकावे अंगवळणी पडलेला माणूस वेगळाच असावा लागतो.

प्रतिवजनाचा साधा बार पाहिला तरी हे कळेल. रंगमंचाच्या रुंदीइतका पोलादी नळ आडवा टांगलेला असतो. त्याला बांधलेल्या पाच-सहा पोलादी तारा वरच्या जाळीवरच्या चाकांवरून भिंतीकडे जातात आणि तिथल्या एका उभ्या चौकटीला जोडलेल्या असतात. बारवर दोनशे किलोचा पडदा बांधला की चौकटीत दोनशे किलोच्या लोखंडी विटा रचायच्या. तोल साधला की एक माणूस दोर ओढून तो पडदा अलगद वर-खाली करू शकतो. प्रयोग संपल्यावर घाईघाईत आधी पडदा सोडला आणि विटा तशाच राहिल्या, तर दुसऱ्या बाजूला तोलायला काहीच उरत नाही: चौकट खाली कोसळते, बार वर सुसाटतो आणि दोर धरलेल्या माणसाचे हात सोलवटतात, क्वचित त्याहून वाईटही होते. म्हणून आधी विटा काढायच्या, मग पडदा सोडायचा. आता जागेचा प्रश्न बघा. बार जमिनीजवळ असतो तेव्हा चौकट वर, जाळीच्या खाली असते. म्हणजे विटा भरायला-काढायला तिथे, बऱ्याच उंचीवर, सज्जा हवा. त्या सज्ज्याला जिना हवा, विटांच्या ढिगाचा भार पेलणारी तुळई हवी, कठडा हवा. वास्तुविशारदाने तो सज्जा वगळला, तर उत्तमोत्तम कंपनीची यंत्रणा बसवूनही रंगमंच कामगार शिडीला लटकून विटा भरणार. यंत्र बिनचूक आणि काम जीवघेणे, असे घडते ते असे.

या पेशात येण्याची वाट एकच नाही. ब्रिटनमध्ये हा व्यवसाय उभा करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते रिचर्ड पिलब्रो मुळात प्रकाशयोजनाकार. १९५७ मध्ये त्यांनी ‘थिएटर प्रोजेक्ट्स’ ही संस्था काढली आणि लंडनच्या नॅशनल थिएटरच्या उभारणीच्या निमित्ताने ती सल्लागारीकडे वळत गेली. रिचर्ड ब्रेट त्याच परंपरेतले, पण अभियंत्याच्या बाजूने आलेले. नॅशनलच्या विजेवर चालणाऱ्या बार-यंत्रणेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पुढे त्यांनी स्वतःची सल्लागार संस्था चालवली आणि २००२ पासून लंडनमध्ये भरू लागलेल्या नाट्य अभियांत्रिकी परिषदेमागे त्यांचाच पुढाकार होता. जर्मनीत वाट अधिक शिस्तीची आहे. तिथे नाट्यतंत्राचे पदवीशिक्षण आहे, परवानाधारक तंत्रप्रमुखाची पद्धत आहे आणि वाल्टर उनरुह यांच्यासारखे प्राध्यापक-सल्लागार विसाव्या शतकाच्या मध्यावर देशोदेशींच्या रंगमंचांना सल्ला देत होते. काम मात्र सगळीकडे सारखेच: नाट्यगृह कोण वापरणार हे विचारून गरजांचा मसुदा करणे, वास्तुविशारदाच्या पहिल्या रेघेआधी उंची-रुंदी-भार सांगणे, निविदेसाठी कोणत्याही एका कंपनीला झुकते माप न देणारा तपशील लिहिणे, कारखान्यात आणि मग जागेवर भाराची चाचणी घेणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे. यातला कोणता टप्पा वगळला की काय होते, याचे धडे तीन प्रसिद्ध वास्तूंनी दिले आहेत.

सिडनीचे ऑपेरा हाउस जगाला ठाऊक आहे ते त्याच्या शिडांसाठी. तिथल्या रंगमंचाची कहाणी फारशी सांगितली जात नाही. १९५७ च्या स्पर्धेत योर्न उट्झन यांनी दोन्ही सभागृहे शेजारी शेजारी ठेवली. त्यामुळे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना नेपथ्य सरकवायला लागणारी प्रशस्त जागा उरली नाही. त्यावर उपाय म्हणून, उनरुह यांच्या सल्ल्याने, नेपथ्य तळघरातून उभे वर आणणाऱ्या पाटांची भव्य यंत्रणा आखली गेली आणि ऑस्ट्रियातल्या कंपनीकडून ती बनवून घेतली गेली. जागेची उणीव यंत्राने भरून काढायचा हा प्रयत्न होता. १९६६ मध्ये उट्झन बाहेर पडले. मोठे सभागृह फक्त संगीतसभांसाठी ठेवायचे ठरले आणि ऑपेरा धाकट्या सभागृहात ढकलला गेला. मोठ्या सभागृहासाठी बसवलेली यंत्रणा उखडून टाकली गेली. १९७३ मध्ये वास्तू उघडली तेव्हापासून ऑपेराच्या मंडळींना अरुंद विंगा आणि आखूड वाद्यवृंदखड्डा यांच्याशी झगडावे लागले. २०१७ मध्ये ते सभागृह कित्येक महिने बंद ठेवून यंत्रणा नवी केली गेली. यंत्रे नवी झाली, विंगा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. यात सल्लागार कमी पडला असे मला वाटत नाही. त्याला जे करायला सांगितले ते त्याने केले. पण जागेचा निर्णय त्याच्या येण्याआधीच होऊन गेला होता आणि वापराचा निर्णय त्याच्या कामानंतर बदलला गेला.

याच्या अगदी उलट उदाहरण लंडनच्या ऑलिव्हिए थिएटरचे. डेनिस लॅस्डन यांच्या नॅशनल थिएटरमधला हा सर्वांत मोठा रंगमंच १९७६ मध्ये उघडला. त्याच्या पोटात कित्येक मजले खोल जाणारे एक फिरते पिंप आहे. त्यात उचलते पाट आहेत. एक दृश्य वर चालू असताना दुसरे खाली रचता येते. कल्पना अफाट होती आणि सुरुवातीची बरीच वर्षे ती धडपणे चाललीच नाही. पूर्ण ताकदीने ते पिंप वापरले गेले १९८८ मध्ये, ‘द शॉकरॉन’ या नाटकात, म्हणजे उद्घाटनानंतर बारा वर्षांनी. त्या काळात टीकाकारांनी या यंत्राला पांढरा हत्ती ठरवले असते तर ते समजण्यासारखे होते. पण जागा तिथे होती, खोली होती, भार पेलणारा पाया होता. नियंत्रणाचे तंत्र सुधारले तसे यंत्र जागे झाले आणि पुढे २००७ च्या ‘वॉर हॉर्स’सारख्या नाटकाने त्याचा मनसोक्त उपयोग केला. सिडनीत यंत्र चांगले होते आणि जागा चुकली. लंडनमध्ये जागा राखली होती आणि यंत्र उशिरा चालले. कोणत्या चुकीतून सावरता येते, हे या दोन वास्तू शेजारी ठेवल्या की वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा धडा वेळेचा. कॉव्हेंट गार्डनचे रॉयल ऑपेरा हाउस प्रचंड खर्चाच्या नूतनीकरणानंतर डिसेंबर १९९९ मध्ये पुन्हा उघडले. रंगमंचाची नवी यंत्रणा तोवर पुरती हाती आली नव्हती. लिगेटी यांचा ‘ल ग्राँ माकाब्र’ हा ऑपेरा त्यामुळे रद्द करावा लागला. बांधकाम रेंगाळते, उद्घाटनाची तारीख हलत नाही आणि मधल्या मध्ये चाचणीचे आठवडे कापले जातात, हे सर्वत्र घडते. आपल्याकडे तर तारीख आचारसंहितेच्या आधीची असते. चाचणीचा काळ करारात लिहून घेणारा आणि तो कापला जात असताना लेखी विरोध नोंदवणारा माणूस प्रकल्पावर हवा. तो कंत्राटदाराचा नोकर असून चालत नाही.

आता आपल्याकडच्या आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मराठी नाटक हे दौऱ्याचे नाटक आहे. एकाच दिवशी एकाच नाट्यगृहात तीन सत्रांत तीन वेगळ्या संस्थांचे प्रयोग लागतात. बसमधून सेट येतो, रंगमंच कामगार तो तासा-दीड तासात लावतात, प्रयोग होतो, सेट उतरतो आणि रात्रीच पुढच्या गावाला निघतो. अशा नाटकाला संगणकाधारित बार आणि उचलते पाट कशाला? आक्षेपातले वर्णन खरे आहे, निष्कर्ष मात्र उलटा निघायला हवा. ज्या नाटकाला तासाभरात उभे राहायचे आहे, त्यालाच जागेची शिस्त सर्वाधिक लागते. बस थेट रंगमंचाच्या पातळीला लागेल असा धक्का, नेपथ्याचा उभा फ्लॅट न वाकवता आत येईल इतके उंच दार, मोकळ्या विंगा, सपाट आणि ठरावीक भार पेलणारा पाट, कोणता बार किती किलो उचलतो याची भिंतीवर लावलेली पाटी: यातले बहुतेक काही यंत्र नाहीच, पण हे सगळे सल्लागाराचे काम आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या रंगमंचावर सेटचा एकेक तुकडा जिन्याने चढवणाऱ्या कामगाराच्या खांद्यावर जे ओझे पडते, ते कुणीतरी नकाशावर न विचारलेल्या एका प्रश्नाचे ओझे असते. शिवाय मराठी नाटकाला यंत्राची हौस नाही, हेही खरे नाही. १९६२ मध्ये आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली फिरत्या रंगमंचावर आले आणि न्यायालयातून भामट्या लखोबाच्या एकेका रूपाकडे जाणारी त्याची गती प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. वास्तूकडे नव्हते ते नाटकाने स्वतःबरोबर आणले. हौस होतीच, वास्तूने साथ दिली असती तर ती किती पुढे गेली असती, याचा विचार करावासा वाटतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. पडदे, ध्वनी, प्रकाश पुरवणारी कंपनी आराखडा फुकट करून देते. मग सल्लागाराला वेगळे शुल्क का? कारण तो आराखडा फुकट नसतो, त्याची किंमत मालात धरलेली असते. पुरवठादार जे विकतो त्याचाच तपशील निविदेत येतो, दुसऱ्या कोणाला ती निविदा भरताच येत नाही आणि चाचणी घेणारा व देणारा एकच ठरतो. शिवाय सज्जा, धक्का, दाराची उंची यांतून पुरवठादाराला काहीच मिळत नाही, म्हणून त्यांचा उल्लेखही होत नाही. वास्तुविशारद हे पाहील, असेही म्हटले जाते. काही वास्तुविशारदांना रंगमंच खरोखर कळतो, पण सिडनीने दाखवून दिले आहे की थोर प्रतिभाही बाजूच्या विंगांचे गणित सोडवत नाही. गोव्याच्या कला अकादमीचे उदाहरण ताजे आहे. चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू मराठी आणि कोकणी रंगभूमीचे घर. तिच्या नूतनीकरणाच्या काळात, जुलै २०२३ मध्ये, खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. त्याच वर्षी वास्तू पुन्हा उघडली आणि प्रकाश, ध्वनी, रंगमंच यांबद्दल गोव्याच्या कलाकारांच्या तक्रारी सुरू झाल्या. शेवटी सरकारला रंगकर्मींचे कृतिदल नेमावे लागले. जे प्रश्न त्या मंडळींनी काम झाल्यावर विचारले, ते काम सुरू होण्याआधी विचारणारा माणूस पगारावर असता तर तो महाग पडला असता का?

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: यंत्र बसवले तरी देखभाल कोण करणार? नगरपालिकेच्या नाट्यगृहात स्वच्छतागृहे नीट राहत नाहीत, तिथे यंत्रणा कशी टिकेल? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो आणि म्हणूनच म्हणतो, की चांगला सल्लागार आपल्याकडे बहुतेक वेळा यंत्रांना नकारच देईल. मुंबईत २०२३ मध्ये उघडलेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या दोन हजार आसनांच्या रंगमंचावर जे शोभते आणि पोसले जाते, ते तालुक्याच्या गावी गंजेल. तिथे हाताने चालणारे पण तपासलेले बार, चालू स्थितीतला आगीचा पडदा आणि उद्या पैसा आला तर यंत्र बसवता येईल अशी रिकामी राखलेली उंची, एवढे पुरे. नको असलेले यंत्र नाकारण्याचे धैर्य विक्रेत्याकडून अपेक्षित धरता येत नाही. स्वतंत्र सल्लागारच ते दाखवू शकतो.

अडचण आहे ती माणसे घडवण्याची. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात आणि आपल्या विद्यापीठांच्या नाट्यविभागांत नेपथ्य व प्रकाशयोजना शिकवली जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत उद्वाहक आणि क्रेन शिकवली जाते. या दोन वर्गांतली मुले एकमेकांना भेटत नाहीत. पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात दोन्ही प्रकारच्या शिक्षणसंस्था एकाच गावात आहेत, त्यामुळे सुरुवात करणे अशक्य नाही. अनुभवी रंगमंच कामगारांकडे असलेले ज्ञान या अभ्यासक्रमात शिक्षक म्हणून यायला हवे, कारण कोणता दोर कधी दगा देतो हे त्यांच्याइतके कुणाला कळत नाही.

निकड किती आहे हे कोल्हापूरने सांगितले आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहून १९१५ मध्ये खुले झालेले, आज केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाणारे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, जळाले. त्याची पुनर्उभारणी असो, पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा पुनर्विकास असो की एखाद्या नगरपालिकेचे नवे नाट्यगृह, चर्चा आसनसंख्येवर आणि दर्शनी भागावर होते. आपल्या गावातल्या नाट्यगृहाचा आराखडा जाहीर झाला, तर हरकती आणि सूचनांच्या मुदतीत एवढे लेखी विचारा: रंगमंच अभियांत्रिकीचा सल्लागार कोण, त्याची नेमणूक वास्तुविशारदाबरोबर झाली की नंतर, तो एखाद्या पुरवठादाराशी बांधलेला आहे का आणि यंत्रणेच्या चाचणीसाठी किती आठवडे राखले आहेत. उत्तर समाधानकारक येईपर्यंत पायाभरणीला संमती देऊ नका.